दुसऱ्यांची राष्ट्रगीतं

भारताच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची मॅनेजर म्हणून माझी निवड झाली, त्याला कारण एकच. माझ्याकडे पासपोर्ट होता.

एप्रिल महिना होता. लालबागला मसाला कुटायच्या डंखासमोर मी भाजलेल्या मिरच्यांची पिशवी घेऊन रांगेत उभी होते. खकाणा असा उडत होता की रांगेतली प्रत्येक बाई शिंकत होती. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एक गृहस्थ हिंदीत बोलत होते.

"मॅडम, आपके पास पासपोर्ट है?"

मी आधी शिंकले, मग म्हटलं, "है."

"व्हॅलिड?"

दोनच वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर टूरवाल्यांच्या बसमधून सिंगापूर बघून आले होते. "व्हॅलिड है. पर आप कौन?"

ते आइस हॉकी महासंघातले होते. मुलींचा संघ पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला निघाला होता, आणि नियमाप्रमाणे सोबत एक तरी बाई हवी होती. जी बाई ठरली होती तिचा पासपोर्ट वेळेत येत नव्हता. संघात मुंबईची एक मुलगी होती. तिच्या फॉर्मवर शाळेच्या पी.टी.च्या बाई म्हणून माझा नंबर होता. झालं.

मी परळच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं कबड्डी खेळले, चढाईला जायचे. बर्फाशी माझा संबंध म्हणजे फ्रीजमधला ट्रे. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कोई बात नहीं मॅडम, खेलना तो बच्चों को है."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई टीव्हीचा आवाज बारीक करून म्हणाल्या, "काय गो, त्या बर्फार माणसा खेळतत कशी? पडनत नाय?"

"पडतात," मी म्हटलं. तेवढं एक मला माहीत होतं.

ती मुंबईची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची, वरळीच्या बीडीडी चाळीतली. चाकांच्या स्केट्सवर शाळेच्या सिमेंटच्या पटांगणात ती अशी पळायची की मधल्या सुट्टीत पोरं डबे घेऊन भिंतीला चिकटून बसायची. चाकांवरची हॉकी खेळता खेळता तिला कुणीतरी बर्फावरच्या शिबिराला नेलं आणि तिथे ती निवडली गेली. निघायच्या आधी पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर ती मला मोबाइलवर सामने दाखवून खेळ शिकवायची.

"बाई, हा पक. बॉल नाही, रबराची चकती असते, पक. आणि हिने त्या पोरीला स्टिकने पाडलं ना, आता ही दोन मिनिटं बाहेर."

"म्हणजे बाद."

"बाद नाही. दोन मिनिटांनी परत आत."

"मग आमच्यासारखंच की. बाद होऊन बाहेर बसायचं, नि जिवंत होऊन परत यायचं."

"बाई, प्लीज तिकडे कुणाला असं सांगू नका."

संघ मला पहिल्यांदा दिल्लीच्या विमानतळावर भेटला. बहुतेक सगळ्या लडाखच्या, दोघी-तिघी हिमाचलच्या, आणि आमची एक. कोच लडाखचेच, फौजेतून निवृत्त झालेले. ते दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचे. गोलकीपर सगळ्यांत बुटकी होती. तिची बॅग तिच्यापेक्षा मोठी, त्यामुळे लांबून बघितलं तर बॅगच चालत येतेय असं वाटायचं. या मुली हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळायला शिकल्या होत्या. थंडी ओसरली की तळ्याचं पाणी होतं आणि त्यांचा खेळ बंद. वर्षातले दोन-अडीच महिने त्यांच्या वाट्याला येतात, बाकीचे दहा महिने वाट बघायची.

स्पर्धा एका गरम देशात होती. आपल्या मे महिन्यासारखं ऊन, आणि बर्फाचं मैदान होतं एका मॉलच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर. खाली चपलांची दुकानं, मध्ये खाण्याचे स्टॉल, वर बर्फ. सरकत्या जिन्यावरून आमच्या मुली भल्यामोठ्या बॅगा आणि स्टिका घेऊन वर जात होत्या आणि खरेदीला आलेली माणसं फोटो काढत होती. आत शिरल्यावर माझे दात वाजायला लागले. बाहेर घामाघूम आणि आत शाल. पाच दिवस माझं हेच चाललं होतं, त्यात सर्दी झाली ती मुंबईला आल्यावरही गेली नाही.

पहिल्या सामन्यात आमची अडचण निराळीच निघाली. तळ्याच्या कडेला कठडा असून असून केवढा असणार? पक बाहेर गेला की कुणीतरी पळत जाऊन आणायचा. इथे चारी बाजूंना उंच भिंत आणि वर काच. पक भिंतीवर आपटून असा काही परत यायचा की आमच्या मुली त्याची वाट एकीकडे बघायच्या आणि तो दुसरीकडून निघून जायचा. समोरच्या मुलींना त्या भिंती पाठ होत्या. आमची मुंबईची पोर मैदानात उतरली आणि तिसऱ्याच पावलाला आडवी झाली. उठली, पुन्हा आडवी. चाकांवर थांबायची सवय वेगळी, पात्यावर वेगळी.

आम्ही हरलो. त्यांचा आकडा दोन अंकी होता आणि आमचा भोपळा. बुटक्या गोलकीपरने किती अडवले त्याची मोजदाद मी सोडून दिली होती. आत आली, हेल्मेट काढलं आणि मला विचारलं, "मॅडमजी, खाना कब है?"

पण त्याआधी आणखी एक गोष्ट होती, ती मला कुणी सांगितली नव्हती. या स्पर्धांत एक पद्धत असते. सामना संपला की दोन्ही संघ आपापल्या रेषेवर ओळीने उभे राहतात आणि जिंकलेल्या संघाच्या देशाचं राष्ट्रगीत वाजतं. हरलेल्यांनीही हेल्मेट काढून, सरळ उभं राहून ते पूर्ण ऐकायचं. मी मैदानाच्या दारात पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते. मीही सावधान झाले. पी.टी.ची बाई, सवयच ती.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या देशाचं राष्ट्रगीत ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याचं.

तिसऱ्या सामन्यानंतर बसमधून हॉटेलवर येताना मागच्या सीटवरून गुणगुणणं ऐकू आलं. कान दिला तर ते पहिल्या दिवशीच्या देशाचं राष्ट्रगीत. शब्द कुणालाच येत नव्हते, पण चाल अगदी बरोबर. एकीने सुरू केलं, मग सगळ्यांनी उचललं. ते संपल्यावर दुसऱ्या दिवशीचं. कोच पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "ये क्या गा रहे हो?"

"सर, कल वाला," गोलकीपर म्हणाली.

कोच पुन्हा पुढे बघायला लागले. मला आधी लाज वाटली, आपण इतके हरतोय की मुलींना चाली पाठ झाल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं ते थांबेना. सगळी बस हसायला लागली. कोचचे खांदे पण हलत होते, मागून दिसत होतं.

मॅनेजरचं काम म्हणजे काय, ते मी तिथे शिकत गेले. सामन्याआधी खेळणाऱ्या मुलींची नावं आणि नंबर लिहून, सही करून टेबलावर द्यायचे. बर्फाचे पॅक मागून आणायचे. आणि वास. खेळून आल्यावर त्या पॅडना आणि हातमोज्यांना जो वास येतो त्याची कल्पना घरी बसून येणार नाही. मी खाली जाऊन दोरी विकत आणली आणि हॉटेलच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधून सगळं वाळत घातलं. आमच्या चाळीची गॅलरी परवडली. हॉटेलचा माणूस तक्रार घेऊन वर आला, दारातच त्याला वास लागला, आणि तो आल्या पावली खाली गेला.

खोलीत आमची मुलगी आणि गोलकीपर एकत्र होत्या. एकदा मी टॉवेल द्यायला गेले तर गोलकीपर आमच्या मुलीच्या मोबाइलवरचा फोटो बघत होती. चाळीतल्या घराचा फोटो, भिंतीवर बुद्धाची तसबीर.

"तुम्हारे घर भी हैं?" तिने विचारलं.

"हमारी पूरी चाळ में हैं," आमची म्हणाली.

"मुंबई में?"

गोलकीपरचा विश्वासच बसेना. मग दोघींनी एकमेकींना आपापल्या घरच्या प्रार्थना म्हणून दाखवल्या. एकीची दुसरीला कळली नाही, पण दोघी पूर्ण म्हणाल्या.

चौथ्या आणि शेवटच्या सामन्यात आमचा पहिला गोल झाला. आमची मुंबईकर समोरच्या गोलपुढे नेहमीप्रमाणे पडली होती, उठायच्या बेतात होती. मागून एका लडाखी मुलीने जोरात मारलेला पक हिच्या पायाच्या पॅडला लागला आणि आत. नियमाप्रमाणे गोल हिच्या नावावर. लाउडस्पीकरवरून तिचं नाव असं काही उच्चारलं की तिला स्वतःलाच कळलं नाही. मुली तिच्या अंगावर ढिगाने पडल्या.

"बाई, मी काही केलंच नाही," ती बाकावर येऊन म्हणाली.

"तू तिथे होतीस ना? मग झालं."

सामना हरलोच. पण मुंबईला परतलो तर वरळीच्या नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागलेला. तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि भोवती शुभेच्छुकांचे अकरा मोठे फोटो.

पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावलं, यावेळी पासपोर्टबद्दल न विचारता. मुली तयार झाल्या होत्या. भिंतीवरून येणाऱ्या पकची दिशा त्यांना कळायला लागली होती. आमची मुलगी आता पडत नव्हती. समोरच्या गोलपुढे जाऊन ठाण मांडायचं आणि त्यांच्या गोलकीपरला काही दिसू द्यायचं नाही, हे काम तिने स्वतःकडे घेतलं होतं. तिला ढकला, टोचा, काही करा, ती हलायची नाही. पहिल्या सामन्यात आमचे दोन गोल झाले, दोन्ही तिच्या आडोशाने. हरलो, पण थोडक्यात.

त्या सामन्यात तिचं मनगट दुखावलं म्हणून दुसऱ्या सामन्याला तिला बसवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तो सामना आम्ही जिंकू शकू असं सगळ्यांनाच वाटत होतं. कोचनी सकाळी नेहमीपेक्षा जास्त शब्द वापरले, एवढ्यावरून समजा.

यादी मी लिहिली. घाईत होते, म्हणून आदल्या दिवशीची यादी समोर ठेवून उतरवली. सही केली आणि टेबलावर दिली.

मुली सराव करून बाकावर आल्या आणि टेबलावरच्या अधिकारी बाई माझ्याकडे आल्या. आमच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, हा नंबर यादीत नाही. मी यादी बघितली. खरंच नव्हता. मी म्हटलं, आता लिहिते. त्या म्हणाल्या, वेळ संपली. कोच बोलले, मी बोलले, माझ्या इंग्रजीत होतं नव्हतं ते सगळं वापरलं. त्या बाई सभ्यपणे मान हलवत राहिल्या. नियम तो नियम. यादीत नसलेल्या खेळाडूला बाकावरही बसता येत नाही.

तिला सांगायचं काम माझंच होतं.

"अगं, तुझं नाव राहिलं," मी म्हटलं. "माझ्याकडून."

ती माझ्याकडे बघत राहिली. हेल्मेट डोक्यावर, स्टिक हातात. मग आत गेली, कपडे बदलून आली आणि वर प्रेक्षकांत जाऊन बसली. मी मधल्या वेळात पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेले, तर ती म्हणाली, "नको मला, थँक्यू." तिने आजवर मला थँक्यू कधी म्हटलं नव्हतं.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यांचा गोल झाला. रेषेवर उभं राहून आम्ही पुन्हा दुसऱ्यांचं राष्ट्रगीत ऐकलं. त्या दिवशी बसमध्ये कुणी गुणगुणलं नाही. गोलकीपर माझ्या शेजारी येऊन बसली आणि सफरचंद कापून एक एक फोड माझ्या हातात देत राहिली. मी खात राहिले.

मुंबईपर्यंत आमची मुलगी माझ्याशी बोलली नाही. शाळेतून ती बाहेर पडली होती, कॉलेजात होती, त्यामुळे भेटायचंही कारण नव्हतं. मी आठ दिवस वाट बघितली. नवरा म्हणाला, "फोन कर." मला फोनवर बोलायचं नव्हतं. रविवारी सकाळी वरळीला गेले.

चाळ पाडली होती आणि ते नुकतेच नव्या टॉवरमध्ये राहायला आले होते. पंधरावा मजला, घरात अजून रंगाचा वास. तिची आई सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटीवरून आली होती. मला बघून म्हणाली, "या बाई. लिफ्ट चालू होती ना? आज सकाळी बंद होती."

मी बसले नाही. म्हटलं, "माझी चूक झाली. मी तिची माफी मागायला आलेय."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिची आई एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघून म्हणाली, "माझ्या हातूनही एकदा औषधाच्या चार्टवर एका पेशंटचं नाव राहिलं होतं. नशीब, डॉक्टरांच्या लक्षात आलं. तेव्हापासून मी दुसऱ्या नर्सकडून वाचून घेते." आणि चहा टाकायला आत गेली.

मुलगी दारातून बाहेर आली. मग म्हणाली, "बाई, मला वाटलं, मला मुद्दाम बसवलं. कोचनी सांगितलं आणि तुम्ही स्वतःवर घेतलं."

"अगं, छे!" मला धक्काच बसला. "मी शुद्ध वेंधळेपणा केला."

"नक्की?"

"नक्की. आदल्या दिवशीची यादी उतरवली, तुझं नाव त्यात नव्हतं, माझ्या लक्षात आलं नाही."

ती हसलीच एकदम. आठ दिवस तिने काय काय मनात धरलं होतं आणि निघालं काय, तर वेंधळेपणा. "पुढच्या वेळी यादी मी लिहिणार," ती म्हणाली. "तुम्ही फक्त सही करायची."

"कबूल."

तिसऱ्या वर्षी तसंच केलं. रोज नाश्त्याच्या वेळी ती कागद पेन घेऊन बसायची, एकेकीचं नाव मोठ्याने वाचायची आणि त्या त्या मुलीने हजर म्हणायचं, शाळेसारखं. एकदा तर कोचनीही हजर म्हटलं. लडाखच्या मुली तोपर्यंत मला मॅडमजी सोडून आमा-ले म्हणायला लागल्या होत्या. त्यांच्याकडे आईला असं म्हणतात.

पहिले दोन सामने गेले. तिसऱ्यात आम्ही एका गोलने पुढे होतो आणि दोन मिनिटं राहिली होती. तेवढ्यात समोरच्या संघाची गोलकीपर आपलं गोल मोकळं टाकून सुसाट त्यांच्या बाकाकडे निघाली. मी कोचना म्हटलं, "सर, उसको क्या हुआ? तबियत खराब?"

हा एक डावपेच असतो. हरत आलेला संघ गोलकीपर काढून तिच्या जागी आणखी एक चढाईवाली आणतो. तीन वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं, कारण आमच्याविरुद्ध तशी वेळ कुणावर आलीच नव्हती.

ती दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. त्या सहा जणी आमच्या गोलवर तुटून पडल्या होत्या. बुटकी गोलकीपर बर्फावर पालथी, उताणी, एका गुडघ्यावर, जशी जमेल तशी अडवत होती. मग पक कुणाच्या तरी स्टिकला लागून सुटला, आमच्या मुंबईकरणीने तो पकडला आणि अर्ध्या मैदानातून सरळ त्यांच्या मोकळ्या गोलकडे ढकलला. तो इतका हळू चालला होता की मला वाटलं वाटेत थांबणार. थांबला नाही. आत गेला.

भोंगा वाजला. मुली गोलकीपरवर पडल्या, ती खाली कुठे दिसेना. मग कोणीतरी ओरडलं आणि सगळ्या धडपडत रेषेवर उभ्या राहिल्या. हेल्मेट काढली. आणि आपलं राष्ट्रगीत सुरू झालं.

मला वाटलं होतं मी रडेन. पण रडले नाही. माझं लक्ष एका मुलीच्या सुटलेल्या लेसकडे होतं, ती पडेल म्हणून. मग सहलीला मुलं मोजतात तशी मी त्यांना एका टोकापासून मोजत गेले. सगळ्या होत्या. आमची सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होती, अगदी बेसूर. कोच ताठ उभे होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

शेवटचा सामना आम्ही हरलो. स्पर्धेत शेवटून दुसरे आलो. दिल्लीच्या विमानतळावर कुणी हार घेऊन आलं नव्हतं. गोलकीपरचा काका तेवढा जीप घेऊन आला होता, तोही उशिरा.

आता त्या दोघी अठराच्या पुढे गेल्या. गोलकीपर मोठ्या मुलींच्या संघाच्या शिबिरात आहे. आमची मुंबईकर फिजिओथेरपी शिकते आणि रविवारी टॉवरच्या पार्किंगमध्ये लहान मुलांना चाकांवर उभं राहायला शिकवते. मी अजून मॅनेजर आहे, नव्या मुली आल्यात, यादी लिहायला दुसरी एकजण धरली आहे.

गेल्या रविवारी आमच्या मुंबईकरणीचा फोन आला. मागे नुसता गोंगाट.

"बाई, ही पोरं पडली की रडतात. काय करू?"

"रडू दे. गुडघ्यांना पॅड बांधलेत ना?"

"बांधलेत."

"मग झालं. आई कशी आहे?"

"बरी आहे. ड्यूटीला गेलीय. थांबा हां बाई, एक पडला," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून पळाली.